तिठ्यावरची लिंबं

मथुरा गोताड हिला वाडीत कुणी कधी फसवलं नव्हतं आणि याचं सगळं श्रेय ती स्वतःकडे घ्यायची. कोळणीने बांगडा पुढे केला की आधी कल्ला उचलून बघायचा, देवळातला प्रसाद हातावर पडला तरी तो कुणाच्या घरून आलाय ते विचारायचं, कुणी आपणहून बरं बोललं तर त्याला नक्की काय हवं असेल याचा आठवडाभर विचार करायचा, असा तिचा शिरस्ता. नवरा काशीराम म्हणायचा, हिला साक्षात देव भेटला तरी ही आधी त्याचं आधारकार्ड मागेल. मथुरेला हे बोलणं लागायचं नाही. उलट आपली तारीफ चाललीय असंच तिला वाटायचं.

वाडी मालगुंडच्या अलीकडची. समुद्र दिसत नाही, पण वाऱ्याला खारट वास येतो एवढ्या अंतरावर. मुख्य रस्त्यावरून एक तिठा फुटतो आणि तिथून जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी चढून वर आलं की गोताडांची घरं लागतात. त्यातली निम्मी एरवी बंद. गणपतीला आणि शिमग्याला तेवढी कुलपं निघायची, चार दिवस दिवे लागायचे, की पुन्हा मुंबई. मथुरेला त्या कुलपांची फार धास्ती होती. आपल्यामागे आपल्या दारालाही असंच गंजकं कुलूप लागणार, हे तिच्या मनात सारखं यायचं, आणि त्यावर इलाज एकच होता. घरात सून यायला हवी होती.

मुलगा ऋत्विक मुंबईला गेला नव्हता. रत्नागिरीत एमआयडीसीत नोकरी करायचा, संध्याकाळी मोटारसायकलने घरी यायचा, निर्व्यसनी होता. आईला वाटायचं, अशा मुलाला मुलींची रांग लागेल. पण आजकाल गावातला मुलगा म्हटलं की मुलीकडचे नाक मुरडतात. शेतावर राबणाऱ्या बापालाही जावई मात्र मुंबईत खोली असलेला हवा. दोन-तीन स्थळं आली, चहा पिऊन गेली आणि परत बोलली नाहीत. ऋत्विक तिशीला टेकला, आणि मथुरेला रात्रीचा घास गोड लागेना.

नेमकी त्याच सुमाराला चिमा परत आली.

चिमा म्हणजे मथुरेची धाकटी जाऊ. काशीरामचा भाऊ भिकाजी उभा जन्म मुंबईच्या गोदीत राबला, निवृत्त झाला आणि बायकोला घेऊन दगडी गडग्यापलीकडच्या अर्ध्या घरात कायमचा राहायला आला. वाडीतल्या लोकांना आनंद झाला, एका घराचं कुलूप तरी निघालं. मथुरेला मात्र पहिल्या दिवसापासून खटकलं. मुंबईवाला चार दिवसांसाठी आला तर पाहुणा असतो, कायमचा आला तर तो जमीन बघायला आलेला असतो, हे तिचं ठाम मत होतं. तिने काशीरामला बजावून सांगितलं, आंब्याच्या कलमांवर नजर ठेवा, गडगा हाताने मोजून ठेवा. काशीराम म्हणाला, "अगो, सख्खा भाव हाय माजा." मथुरा म्हणाली की म्हणूनच सांगते.

पण भिकाजीने जमिनीचं नावही काढलं नाही. तो पडवीत बसून पेपर वाचायचा आणि बायको सांगेल ते पाणी भरायचा. वेगळंच वागायला लागली ती चिमा.

आधी तिने फ्रीज दिला. बिघडलेला नव्हे, चांगला चालता, मुंबईहून टेम्पोतून आणलेला फ्रीज अंगणवाडीला देऊन टाकला. विचारलं तर म्हणाली, दोन माणसं आम्ही, रोज ताजं मासं मिळतंय, भाजी परसात हाय, गार करून ठेवायचं काय? मथुरेने घरी येऊन या उत्तराचा कीस काढला. चालता फ्रीज कुणी फुकट देतं का? सरपंचबाईची नातवंडं त्याच अंगणवाडीत. म्हणजे सरपंचबाईला खूश करायचं आहे. म्हणजे शेवटी जमीनच.

मग राख आली. चिमाने भांडी घासायचा साबण बंद केला आणि चुलीतली राख नि नारळाचं सोडण घेऊन विहिरीवर बसू लागली. हे पाहून मथुरेचा जळफळाट झाला. तिचं सगळं तरुणपण सोडण आणि राखेने हात काळे करण्यात गेलं होतं. ऋत्विकने पहिल्या पगारात भांड्यांचा पिवळा साबण आणि तारेची घासणी आणली तेव्हा तिला आपण कुठून कुठे आलो असं झालं होतं. आणि ही मुंबईवाली, जिच्या घरी नळाला धो धो पाणी होतं, ती उलटी राखेत येऊन बसते? हिला आपल्याला हिणवायचंय, नाहीतर गरिबी दाखवून सहानुभूती मिळवायचीय. दोन्हींतलं काय ते ठरवता येईना, म्हणून मथुरेने दोन्ही धरलं.

पुढे तर चिमाला वेडच लागलं. जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवल्या आणि कोळणीची प्लास्टिकची पिशवी नाकारून मासे डब्यात घेऊ लागली. कपडे धुतलेलं पाणी पाटाने केळींना सोडलं. रिठे फोडून वाळत घातले. बाजारातून पुड्यात काही आणलं तर तो पुडा धुऊन, पुसून, परत दुकानदाराला नेऊन द्यायची आणि यातच पुन्हा भर म्हणायची. दुकानदार हसायचा, पण द्यायचा. घंटागाडी महिन्यातून कधीतरी तिठ्यावर यायची, तर चिमाच्या घरातून तिला कधी चिटोरा मिळाला नाही. तिच्या घरातून कचराच बाहेर जात नव्हता.

मग तो जातो कुठे, हा प्रश्न मथुरेला पडायलाच हवा होता, आणि पडला. ती गडग्याला लागून असलेल्या फणसाआडून बघू लागली. चिमाने सावलीत तीन काळे माठ मांडले होते. रोज सकाळी ती साली, देठं, चहाचा चोथा त्यात टाकायची, वर सुका पाला नि राख भुरभुरवायची, थोडं ताक शिंपडायची, आणि वरून झाकण ठेवून दगड ठेवायची. पडवीच्या खांबाला तिने बाटल्यांची ओळ टांगली होती. त्यांत पिळलेल्या लिंबांच्या फोडी, गूळ आणि पाणी. चिमा सांगायची, हे कुजलं की लादी पुसायला चांगलं पाणी तयार होतं. ते पाणी मथुरेने लांबून बघितलं होतं, काळपट, बुडबुडे येणारं. आणि एका सकाळी तिने पाहिलं की चिमाने विंचरून झाल्यावर फणीतले केस काढले, त्यांची गुंडाळी केली आणि ती माठात टाकली.

लिंबू, केस, राख, काळा माठ, तोही आपल्या गडग्याला लागून. कोकणात जन्मलेल्या बाईला याचा अर्थ सांगावा लागत नाही.  जमीन नव्हे, हे होतं तर. ऋत्विकची स्थळं का परततात ते आता कळलं. स्थळं चिमा यायच्या आधीपासून परतत होती, ही गोष्ट ती सोयीने विसरली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी तसं झालं, पण मथुरा कावळ्यालाच धरून बसली.

काशीरामला सांगण्यात अर्थ नव्हता, तो हसला असता. ऋत्विक तर असलं काही ऐकलं की मोबाईलवर काहीबाही काढून वाचून दाखवायचा. तेव्हा तिने सगळं मनात ठेवलं. मनात ठेवलेला संशय माठातल्या सालींसारखा आतल्या आत उबत राहतो.

माघात एक चांगलं स्थळ आलं. स्थळं जुळवणारा आप्पा सांगत आला की लांज्याकडची मुलगी आहे, शमिका नाव, नर्सिंगचा कोर्स केलाय, आणि मुख्य म्हणजे तिला रत्नागिरीतच नोकरी करायचीय, मुंबई नको म्हणते. फोटो आला, ऋत्विकने तो बघितला आणि दोनदा बघितला, हे मथुरेच्या नजरेतून सुटलं नाही. रविवारी सकाळी मुलीकडचे घर बघायला यायचं ठरलं. मथुरेने घर सारवलं, नवी चादर काढली, आणि शनिवारी दुपारी तिच्या लक्षात आलं की गडग्यापलीकडचे ते माठ तसेच आहेत.

चिमा नि भिकाजी डोळे तपासायला एसटीने रत्नागिरीला गेले होते. मथुरा गडगा ओलांडून गेली. माठावरचा दगड बाजूला केला, झाकण काढलं. आत काळी माती होती, ओलसर, भुसभुशीत, पावसानंतर रानात येतो तसा वास. तिला वाटलं होतं काहीतरी सडकं, भयंकर असेल. ते नव्हतं, म्हणून ती अधिकच घाबरली. वरच्या थरात केसांची गुंडाळी सापडली. ती तिने काडीने उचलली, खांबाच्या बाटलीतून लिंबाच्या फोडी काढल्या, आणि आली तशी परत आली. झाकण नीट बसवायचं भान तिला राहिलं नाही.

तिची आई अशा वेळी काय करायची ते तिला पाठ होतं. ज्याचं त्याला परत. केळीच्या पानाच्या तुकड्यावर केस, लिंबं, तांदूळ, कुंकू आणि नारळ घेतला. ऋत्विक ओटीवर मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. मागून जाऊन तिने ते सगळं त्याच्यावरून उतरवलं, त्याला पत्ताही लागला नाही. तिन्हीसांजेला पाखाडी उतरून तिने तो उतारा तिठ्यावर ठेवला आणि मागे न बघता वर आली. उतारा ठेवणाऱ्याने परत वळून बघायचं नसतं, दुसऱ्या दिवसाच्या सांजेपर्यंत त्या वाटेला जायचंही नसतं. जे काही पोराच्या मागे लागलंय ते आता तिठ्यावर राहिलं. तिथून पुढे ज्याने ओलांडलं त्याचं नशीब, हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही, पण तो तिने लांबवला नाही. आणि कुत्री-कावळे सकाळपर्यंत सगळं साफ करतात, हा उभ्या जन्माचा अनुभव होता.

पण चिमाच्या लिंबांना कुत्रं तोंड लावीना. महिनोन् महिने गुळात आंबलेल्या त्या फोडींचा असा काही उग्र दर्प सुटला होता की तांदळालाही कावळा शिवला नाही.

रविवारी सकाळी मथुरेने पोहे भिजवले, कोथिंबीर चिरली, आणि पाखाडीकडे कान लावून बसली. गाडीचा आवाज आला, तिठ्यावर थांबला, बराच वेळ तिथेच घुमला, आणि लांब जात गेला. काशीराम म्हणाला, वाट चुकले असतील. तेवढ्यात आप्पाचा फोन आला. काशीरामने तो कानाला लावला आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरत गेला. मुलीची आई यमुनाबाई गाडीतून खाली उतरली होती, तिने तिठ्यावरचा उतारा बघितला होता, आणि ड्रायव्हरला तो ओलांडू दिला नव्हता. ज्या वाडीत अजून केस नि लिंबं टाकतात तिथे मी पोरीला देणार नाही, असं म्हणून त्यांनी गाडी फिरवली होती.

"लिंबां?" काशीराम म्हणाला, आणि त्याची नजर आपोआप गडग्यापलीकडे गेली. आख्ख्या वाडीत लिंबांच्या बाटल्या एकाच घरी टांगलेल्या होत्या.

तो तरातरा तिकडे गेला. मागोमाग ऋत्विक गेला. मथुरेला जायचं नव्हतं, पण न जाणं अधिक दिसलं असतं, म्हणून तीही गेली आणि गडग्याच्या अलीकडेच उभी राहिली. शेजारपाजारची दोन-चार माणसंही जमली. काशीरामने कधी धाकट्या भावजयीसमोर आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. पोराचं स्थळ परत गेलं, तिठ्यावर तुझी लिंबं कशी गेली ते सांग, म्हणाला.

 चिमाने आधी खांबाकडे बघितलं. एका बाटलीचं बूच उघडं होतं. मग माठांकडे बघितलं. एका माठाचं झाकण तिरकं पडलं होतं, दगड खाली होता. मग तिने मान वर केली आणि गडग्यापलीकडे उभ्या असलेल्या मथुरेकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, मथुरेच्या मनात त्या वेळी भर दुपारचं ऊन पडलं होतं.  आता ही बोलणार. सगळ्यांसमोर बोलणार. नवऱ्यासमोर, पोरासमोर.

"माजीच हायत लिंबां," चिमा म्हणाली. "मीच टाकली."

"आनि कुंकू? नारळ?"

"देवाचां निर्माल्य होतां. नारळ नासका निघाला, तोपन टाकला. चुकलां माजां."

काशीराम दातओठ खात परत फिरला. जी बाई केळ्याचं सालही घराबाहेर जाऊ देत नाही, ती तिठ्यावर जाऊन कचरा कशाला टाकेल, हा साधा प्रश्न एकालाही पडला नाही. लोकांना लिंबं दिसली, लिंबांवर चिमाचं नाव दिसलं, संपलं. चिमाने एवढ्यावर सोडलं नाही. तिने भिकाजीच्या मोबाईलवरून आप्पाला फोन लावला, मुलीच्या आईशी बोलायला मागितलं, आणि पुन्हा तेच सांगितलं. लिंबं लादी पुसायची, केस फणीतले, माझ्या वेंधळेपणाने झालं, त्यात माझ्या पुतण्याचा काय दोष, म्हणून माफीही मागितली.

स्थळ वाचलं. यमुनाबाईचा विश्वास बसला असं नव्हे, पण मुलीनेच हट्ट धरला. पुढच्या रविवारी ती माणसं आली, पोहे खाल्ले, घर आवडलं. यमुनाबाईने आप्पामार्फत एक अट मात्र सांगून ठेवली, की त्या काकीने कार्यात पुढे पुढे करू नये. काशीरामने मान डोलावली. मथुरा चहा ओतत होती. तिने कपांवरची नजर वर उचलली नाही.

वैशाखात लग्न लागलं. हळदीला सगळ्या बायका ऋत्विकभोवती होत्या आणि सख्खी काकी मांडवाच्या मागे पाण्याच्या पिंपाशेजारी बसली होती. पंगती उठल्यावर चिमाने केळीची पानं गोळा करून आपल्या परसातल्या खताच्या खड्ड्याकडे नेली. लोक म्हणाले, बघा, लग्नातसुद्धा हिला कचराच दिसतो. मथुरेने ते ऐकलं. आहेराच्या ताटापाशी ती उभी होती, अंगावर नवं लुगडं होतं, सून घरात आली होती, आणि तिला कशाचंच सुख वाटेना. हे असं का होतंय याचा तिला राग आला, आणि तो राग तिने नेहमीसारखा चिमावरच काढला.

कारण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. चिमाने असं का केलं, या एका प्रश्नाने तिला पोखरायला सुरुवात केली. फुकट तर कुणी काही करत नाही. म्हणजे ही कधीतरी येणार आणि वसूल करणार. भिकाजीने आंब्याच्या कलमांबद्दल काही विचारलं की मथुरेला वाटायचं, आलं. चिमा विहिरीवर दिसली की वाटायचं, आज बोलणार. चिमा बोलायची ते एवढंच, की वैनी, दोरी झिजलीय, रहाट जपून फिरव. पावसाळा सरला, गणपती आले नि गेले, भात कापून झालं. मागणी आली नाही. मथुरा जमिनीच्या मागणीला तयार होती, भांडणाला तयार होती, वाडीभर बोभाटा होईल यालासुद्धा तयार होती. काहीच न होण्याला तिच्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी तिनेच तोंड उघडलं. विहिरीवर दोघीच होत्या. चिमा कढई घासत होती.

"चिमे, तुला काय हवां तां एकदा सांगून टाक," मथुरा म्हणाली. "मना असां टांगून ठेवू नको."

चिमाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने सोडण खाली ठेवलं.

"काय नको, वैनी. मुंबयत आमच्या खोलीमागे कचऱ्याचा डोंगर होता. मी रोज पिशवी भरून खाली टाकायची नि वाटायचां, गेला कचरा. मग तो पेटायचा, आनि धूर खिडकीतून माज्याच घरात यायचा. वीस वर्सां खोकले, तेवा कळलां. टाकलेला कुठां जात नाय. कुनाच्या तरी दारात जातो." तिने सोडण पुन्हा उचललं. "तुजां तां पान तिठ्यावरनं कुनाच्या तरी माथी जायाचांच होतां. माज्या दारात आलां. माज्याकडे निदान कुजवायची सोय हाय."

एवढं बोलून तिने कढई विसळली आणि ती निघून गेली. मथुरा विहिरीच्या कठड्यावर बसली. चिमाच्या बोलण्यात कुठे खोट सापडते का ते तिने सवयीप्रमाणे शोधून बघितलं. सापडली नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तिला एखाद्या माणसावर विश्वास ठेवावा लागला, आणि ते सुख नव्हतं. मनातून ती फार ओशाळली.

दुसऱ्या दिवसापासून तिने एक केलं. भाजीची देठं, साली, शिळा भात, जे आजवर पाखाडीखाली भिरकावून द्यायची, ते एका टोपलीत जमवलं आणि गडगा ओलांडून चिमाच्या माठात नेऊन घातलं. चिमाने नुसतं वर पाला घालायला सांगितलं. पुढे पुढे मथुरा स्वतःच राख न्यायला लागली. प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या बघून काशीराम म्हणाला की आता आमच्याही घरात ती साथ आली.  माफीचा शब्द तिला कधी बोलता आला नाही. टोपली मात्र रोज जायची.

हे सगळं शमिका बघत होती. सून चांगली होती. रत्नागिरीच्या एका दवाखान्यात जायची, आल्यावर पदर खोचून कामाला लागायची, सासूशी गोड बोलायची. मथुरेने तिच्यात एकच खोट काढली होती, ती म्हणजे पोरगी झोप फार काढते. पुढे कळलं की दिवस गेलेत, आणि मग तीही खोट राहिली नाही. मथुरेच्या पायाला भिंगरी लागली. घरात पाळणा हलणार होता. बाळंतपणाला माहेरी जायचं आणि सव्वा महिना झाला की बाळाला घेऊन परत इथेच यायचं, असं शमिकानेच ठरवून टाकलं होतं.

सातवा लागला तशी एका सकाळी मथुरा टोपली घेऊन निघाली, तर शमिका दारात आडवी आली. तिचा चेहरा पडलेला होता.

ती हळू आवाजात म्हणाली, "आई, रागावू नका. पण माझं उष्टं, माझ्या ताटातलं, त्या काकींकडे नेऊ नका. आई रोज फोनवर विचारते मला. आमच्या वेळी त्यांनी तिठ्यावर काय ठेवलं होतं ते ठाऊक आहे ना. आता माझ्या पोटात… माझे केस जरी त्यांच्या हाताला लागले तर…"

शिकलेली मुलगी, दवाखान्यात इंजेक्शनं देणारी. पण तिच्या डोळ्यांतली ती भीती मथुरेने लगेच ओळखली. दीडेक वर्षापूर्वी फणसाआडून बघणारे डोळे असेच होते. पलीकडच्या अंगणात चिमा पाला गोळा करत होती. तिला ऐकू येत नव्हतं, पण वाडीत आपल्याकडे बघून कुजबुजतात हे तिला केव्हाचं माहीत होतं, आणि तरी ती पाला गोळा करत होती.

मथुरेला वाटलं, हो म्हणून मोकळं व्हावं. आणखी दोन महिने. बाळ हातात येऊ दे, मग बघू. तिने 'हो' म्हणायला तोंडही उघडलं.

"शमिका, तो उतारा मी ठेवला होता," ती म्हणाली. "चिमाचे केस नि लिंबां चोरून नेली, नि ऋत्विकवरनं उतरवून ठेवली. तिने माज्यासाठी सगळां आपल्या अंगावर घेतलां. तिच्या हातात काय नाय. जां होतां तां माज्या मनात होतां."

 शमिका दारातून बाजूला झाली. मथुरा टोपली घेऊन गेली, माठात रिकामी केली, पाला घातला. परत आली तेव्हा आतल्या खोलीतून सून फोनवर बोलत असल्याचा बारीक आवाज येत होता. मथुरेने ऐकायचा प्रयत्न केला नाही.

डोहाळजेवणानंतर जायचं होतं, पण शमिका आठवडाभर आधीच निघाली. ऋत्विकला म्हणाली, आईला घाई झालीय. सव्वा महिन्याचं तिने पुन्हा काढलं नाही. बाळ जरा मोठं झालं की बघू, म्हणाली. ऋत्विकने आईकडे बघितलं, तर ती सुनेची पिशवी बांधत होती. रिक्षा तिठ्यावर येऊन थांबली. शमिका आधी गडगा ओलांडून चिमाकडे गेली, अवघडत वाकली, तिच्या पाया पडली. चिमा गोंधळून गेली, हात पुसत पुसत तिने सुनेला उठवलं, तिच्या गालावरून बोटं फिरवली. शमिका हसली. लग्न झाल्यापासून ती पहिल्यांदाच त्या अंगणात गेली होती.

मग ती मथुरेकडे आली. सासूच्या पाया पडायला वाकताना तिने ओढणी पुढे ओढली आणि डाव्या हाताने पोटावर घट्ट धरून ठेवली.

मथुरेने ते पाहिलं. वाडीत दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. तिने 'सुखाने ये' म्हटलं, आशीर्वाद तोंडानेच दिला, आणि सुनेच्या डोक्यावर ठेवायला उचललेला हात आपल्या पदरात परत घेतला.